फक्त पहिलं अक्षर

यंदाच्या मे महिन्यापर्यंत आमच्या सरांचा मोठा आवाज सांडोर गावात कोणी ऐकलेला नव्हता. ते शाळेत आम्हाला इतिहास शिकवायचे, तोसुद्धा कुजबुजत. एखादं साम्राज्य बुडालं हे ते अशा सुरात सांगायचे, की जणू ही बातमी अजून बाहेर फुटलेली नाही आणि आपणही ती फोडू नये. शेजारच्या वर्गात टेबलावर डस्टर आपटत असायचं आणि आमचा वर्ग मात्र चिडीचूप. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, काय शिस्त आहे! शिस्त कसली डोंबलाची, श्वास रोखून बसल्याशिवाय काही ऐकूच यायचं नाही.

याला कारण नाटक. दर वर्षी नाताळनंतरच्या आठवड्यात चर्चच्या बाजूच्या मैदानावर गावाचं तीन अंकी नाटक व्हायचं. नट गावातलेच. दिवसभर केळीच्या वाडीत पाणी लावून आलेला माणूस संध्याकाळी राजा व्हायचा, आणि राजाला आपली वाक्यं पाठ नसायची. म्हणून विंगेत सर असायचे. उलट्या क्रेटवर बसलेले, हातात लाल जिलेटिनचा कागद लावलेली बॅटरी, मांडीवर केळीच्या सोपटाने, म्हणजे वाळक्या सालीने, बांधलेली वही. तीस-पस्तीस वर्षं गावाचं प्रत्येक नाटक त्यांनी असं बाजूने पाहिलं. समोरून एकही नाही.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे. "पूर्ण वाक्य द्यायचं नाही. पहिलं अक्षर द्यायचं. बाकीचं त्याच्यापाशी असतंच."

मी दहा वर्षांची असताना मला नाटकात एकच वाक्य होतं. धावत यायचं आणि म्हणायचं, "बाबा, होडी बुडाली!" धावत आले, "बाबा" म्हटलं, समोर अख्खं गाव, पहिल्या रांगेत माझी आई, आणि डोकं साफ रिकामं. विंगेतून 'हो' आला. फक्त 'हो'. इतका हलका, की तो बाहेरून आला की माझ्याच डोक्यातून, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. होडी बुडाली आणि मी वाचले.

दुसरी गोष्ट ते जरा जास्त गंभीरपणे सांगायचे. थांबणं दोन तऱ्हेचं असतं म्हणे. नट मुद्दाम थांबतो तेव्हा तो श्वास घेऊन थांबतो. विसरतो तेव्हा श्वास घ्यायचाही विसरतो. "या दोन्हीत ज्याचा घोटाळा होतो, त्या प्रॉम्प्टरला घरी बसवावं," असं म्हणून ते चष्मा पुसायचे. चष्मा दिवसातून तीस वेळा पुसायचे, आणि नेहमी शर्टाच्या त्याच एका टोकाने. त्यामुळे ते टोक कायम लोंबत असायचं.

ही सवय नाटकापुरती राहिली असती तर प्रश्न नव्हता. होळी नावाच्या आमच्या बाजारात एखादी बाई भाजीवालीपुढे "ते हे द्या, ते," म्हणत अडली, की मागून 'शे' यायचा आणि ती शेपूची जुडी घेऊन घरी जायची. तिला शेवग्याच्या शेंगा हव्या असतील, हे कोणाच्या मनात यायचं नाही, तिच्याही नाही. ईस्टरच्या आधी चर्चमध्ये पापनिवेदनाची रांग लागते. एकदा आतला माणूस फादरांसमोर मधेच गप्प झाला. रांगेत तिसऱ्या नंबरावर सर. त्यांनी 'ना' दिला. आतला माणूस घडाघडा बोलून मोकळा झाला म्हणतात, आणि पुढचा आठवडाभर गावात ज्याने त्याने आपापल्या माडावरचे नारळ मोजले. फादर बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही जरा अंगणात थांबा."

सर अगदी रडकुंडीला आले होते. "फादर, देवाशपथ, मला शब्द एकही ऐकू आला नाही. फक्त थांबलेलं ऐकू आलं."

आणखी एक. सर माणसं ओळखायचे ती डाव्या कानावरून. विंगेत ते बसायचे तिथून नटांचा डावा कान तेवढा नीट दिसायचा. माझ्या वडिलांचा कान करवंदाच्या पानासारखा आहे, हे मला सरांनी सांगितलं. मी लंडनला नर्स म्हणून गेले, केस कापले, चष्मा लागला, अंगाने वाढले. दहा वर्षांनी तिथल्या विमानतळावर सर आणि मावशी उतरले, तेव्हा मावशी माझ्याकडे अनोळखी नजरेने बघत राहिली. सर मात्र गुपचूप माझ्या डाव्या बाजूला आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हीच."

मावशी म्हणजे सरांची बायको. गावाच्या नाटकांची बारा वर्षं नायिका. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तालमीला येणारी आम्ही सगळी पोरं त्यांच्याच ओटीवर वाढलो. ती उभी राहिली की मैदानावरची शेंगदाणे फोडणारी पोरंसुद्धा हात थांबवायची. त्या बारा वर्षांत सरांनी तिला एकही अक्षर दिलं नाही, कारण ती कधी अडलीच नाही. हे ते फुशारकीने सांगायचे. मला मात्र वाटायचं, आत कुठेतरी त्यांना ते लागत असणार. अख्ख्या गावाला त्यांनी काही ना काही दिलं होतं, एक तिलाच नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. मावशीचा मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने लंडनहून आणलेलं. त्यात डिसेंबरच्या पानावर तिथला नाटकगृहांचा रस्ता होता. संध्याकाळ, नुकताच पाऊस पडून गेलेला, एकाला एक लागून नाटकगृहं, आणि वरचे सगळे दिवे खाली ओल्या रस्त्यातही पेटलेले. ते पान मावशीने कधी उलटलं नाही. बाहेर जूनमध्ये वाडीत घोटाभर पाणी असो की मार्चमध्ये केळीची पानं उन्हाने फाटलेली असोत, त्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं डिसेंबरच होता. मी विचारायचे, "मावशी, तिकडे जाऊन कुठलं नाटक बघशील?"

"नाटक नाय गो बघायचं," ती म्हणायची. "नुसतं त्या रस्त्याने चालायचंय. दरवाजा, दरवाजा, दरवाजा." आणि कढईतलं ढवळत राहायची. तिच्या डोळ्यांत तेव्हा काय असायचं ते मला लहानपणी कळत नव्हतं. मी फक्त कढईत काय आहे ते बघायचे.

दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय काठीच्या आधाराने चालण्याइतपत परत आला, हात नाही. वाचा मात्र अडकली. सगळं समजायचं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन मागे फिरायचा. डॉक्टर म्हणाले, शब्द अडला तर सुरुवात करून देत चला. हे ऐकून मी लंडनमध्ये बसून चक्क हसले. देवाने बरोबर माणूस दिला, म्हटलं. गावही तेच म्हणालं.

सर कामाला लागले. सकाळी कप पुढे ठेवून 'च' द्यायचे, मावशी "चहा" म्हणायची. खिडकीतून वाडी दाखवून 'के', मावशी "केळ". तीन-चार महिने असं चाललं. फोनवर सर मला तिच्या शब्दांची यादी वाचून दाखवायचे, पोराचे मार्क सांगावेत तसे. मग यादी वाढायची थांबली. मग ती आटायला लागली. पुढे पुढे सरांनी अक्षर दिलं की मावशी ओठ मिटून घ्यायची आणि मान वळवून वाडीकडे बघायची. असे सहा महिने गेले. एकही शब्द नाही.

एका रविवारी सरांचा फोन आला. त्यांची ती कुजबुज, आणि वर लाइन खराब. "पोरी, मी आयुष्यभर सांगत आलो, बाकीचं त्याच्यापाशी असतंच. तिच्यापाशी आता बाकीचं काही राहिलंच नाय की काय?"

मी नर्स आहे. अशा प्रश्नाला काय बोलायचं हे आम्हाला शिकवतात. त्यातलं एकही वाक्य मला त्या माणसाला सांगवेना.

"तिला तो रस्ता दाखवतो," सर म्हणाले. "खराखुरा. मग तरी बोलेल."

म्हणून ते दोघं डिसेंबरात आले. माझी सुट्टी गुरुवारची, आणि गुरुवारी दुपारचाही खेळ असतो. मी तीन तिकिटं काढली. सरांची अट एकच, जागा अगदी डाव्या टोकाची हवी, समोरची विंग दिसली पाहिजे. मधल्या जागा आहेत म्हणून सांगितलं तर म्हणाले, "मधे बसून काय करू?"

दुपारचे जेमतेम दोन वाजले होते, पण तिथल्या डिसेंबरात, त्यात आभाळ भरलेलं, दोन म्हणजे आपली दिवेलागणच. नुकतीच भुरभुर होऊन गेली होती. स्टेशनातून वर आलो आणि मी स्वतःच थबकले. त्या रस्त्यावरून मी शंभरदा गेले असेन, कायम मान खाली घालून, बसच्या मागे धावत. त्या दिवशी मला तो मावशीच्या स्वयंपाकघरातून दिसला. वर दिव्यांच्या माळा, खाली ओल्या फरशीत त्याच माळा, आणि मधून माणसांचा लोंढा, सगळ्यांच्या तोंडावर पिवळा-निळा उजेड. कोणी कोपऱ्यावर व्हायोलिन वाजवत होतं. भाजलेल्या बदामांचा वास होता. मला एकदम वाटलं, आपण इथे आलेलो नाही, ते पान कोणीतरी आत ढकललं आणि आपण त्यात पडलो.

मावशी चालत होती. लुगड्यावर माझा जाड कोट, डाव्या हातात काठी. प्रत्येक नाटकगृहापाशी ती थांबायची, काठी माझ्याकडे द्यायची आणि दाराच्या पितळी मुठीला हात लावायची. मग पुढे. दरवाजा. पुन्हा दरवाजा. गर्दी दोन्ही बाजूंनी वाहून जात होती आणि एकानेही तिला धक्का दिला नाही. तोंडातून एक शब्द नव्हता. तिच्या मागे मागे सर, दिव्यांकडे ढुंकूनही न बघता, नजर तिच्या ओठांवर.

"सर, वर बघा की एकदा," मी वैतागून म्हटलं. "एवढ्या लांब आलात."

"बघतोय," ते म्हणाले, आणि तिच्याकडेच बघत राहिले.

चौकात एक माणूस अंगभर चंदेरी रंग फासून पुतळ्यासारखा उभा होता. लोक फोटो काढत होते. सरांनी बराच वेळ त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून त्याला न्याहाळलं. मग मला म्हणाले, "याला कोणीतरी अक्षर द्या गो." इतक्या ताणातही मला हसू फुटलं. मावशीही हसली असं मला वाटलं, पण तिने तोंड फिरवलं होतं.

नाटकगृहात जागा दाखवणारा एक वयस्कर गोरा माणूस होता. मी त्याला सहज सांगितलं, हे आमचे सर, आयुष्यभर गावात प्रॉम्प्टिंग केलं. त्याने सरांशी हात मिळवला. रंगमंचाच्या पलीकडच्या विंगेकडे बोट दाखवून म्हणाला, त्या बाजूला आम्ही अजून 'प्रॉम्प्ट साइड' म्हणतो, सगळीकडे, सगळ्या थिएटरांत.

सरांनी त्या बाजूकडे बघितलं. "म्हणजे माझीच बाजू. डावा कान." मग मला म्हणाले, "विचार, तिथे आता कोण बसतं?"

विचारलं. आता तिथे एक बाई बसते, ती दिवे आणि पडदे सांभाळते, आणि विसरणं सहसा होत नाही, असं उत्तर आलं. सरांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांनी शर्टाचं टोक काढून चष्मा पुसला.

नाटक एका म्हाताऱ्या घड्याळजीचं आणि रुसून गेलेल्या त्याच्या मुलीचं होतं. सर पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसले होते. "यांना तोंडं असतात गो," ते मध्येच मावशीपलीकडून मला म्हणाले. मध्यंतरानंतर मुलगी परत येते. दार उघडून उभी राहते. म्हातारा तिच्याकडे बघतो, तोंड उघडतो आणि थांबतो.

थांबला तो थांबलाच. अख्खं सभागृह शांत. कोणी खोकलं नाही. सर खुर्चीच्या कडेला सरकले. मला कळलं आता काय होणार, पण आमच्या मधे मावशी बसली होती, माझा हात पोचेना. सर पुढे झुकले. त्यांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं, माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांचे ओठ पुढे आले आणि तोंडातून 'अ' असं काहीतरी निघालं. पुढच्या रांगेतल्या दोन माना वळल्या.

मावशीने डावा हात उचलला आणि त्यांच्या तोंडावर ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "विसरला नाय तो."

अगदी हळू, पण अडखळल्याशिवाय. सहा महिन्यांनी. रंगमंचावर म्हाताऱ्याने श्वास सोडला आणि आपलं वाक्य म्हटलं. मी ते ऐकलं नाही. मी रडत होते. सर त्या हातामागे तसेच बसून होते, हात काढायलाही तयार नव्हते.

बाहेर आलो तेव्हा पूर्ण अंधारून आलं होतं आणि दिवे आणखी दाट झाले होते. मावशी पुढे चालली होती, दरवाजे तिचे अजून संपायचे होते. सर माझ्या शेजारी.

"घोटाळा झाला," ते म्हणाले. "ती श्वास घेऊन थांबायची. शब्द घेऊन येत असायची गो, सावकाश. मला वाटायचं विसरली. ती दारापर्यंत पोचायच्या आत मी अक्षर पुढे टाकायचो. माझं अक्षर. बारा वर्षं जिला द्यावं लागलं नाही, तिला." मग म्हणाले, "मला घरी बसवायला पाहिजे."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही मावशीच्या मागे चालत राहिलो. त्या वेळी तरी त्यांनी वर बघितलं का? नाही. मी लक्ष ठेवून होते.

यंदा मे महिन्यात मी सुट्टीवर आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. मावशी ओटीवर सोनचाफ्याची फुलं निवडत बसली होती, डाव्या हाताने. सर शेजारी, जुन्या क्रेटवर, हात गुडघ्यांवर. ओटीवरून आत स्वयंपाकघरातला डिसेंबर दिसत होता. मावशी आता बोलते असं आई म्हणाली होती, दिवसाला पाच-सात शब्द, पण स्वतःचे.

मी विचारलं, "मावशी, लंडनला काय काय बघितलंस गो?"

तिने फूल खाली ठेवलं. बराच वेळ गेला. "दरवाजा," ती म्हणाली.

आम्ही थांबलो. वाडीत पंप चालू होता. "दरवाजा."

मग ती थांबली. रस्त्यावरून रिक्षा गेली. पंप बंद झाला. माझ्या धंद्यात कोणाला एवढा वेळ नसतो, मला तर कधीच नसतो. तिसरा शब्द मला लहानपणापासून पाठ होता. माझे ओठ पुढे आले, जीभ 'द'साठी दातांना टेकलीसुद्धा. सरांनी माझ्याकडे न बघता बोट ओठांवर ठेवलं. त्यांचे स्वतःचे ओठ इतके घट्ट मिटलेले, की कडा पांढऱ्या पडल्या होत्या. ते तिच्या छातीकडे बघत होते, श्वास चाललाय का ते. चालला होता.

मावशीने मान वळवली आणि सरांकडे बघितलं.

"तुमी," ती म्हणाली.

मी 'द' दिला असता, तर मला माझा तिसरा दरवाजा मिळाला असता आणि मी खुशीत घरी गेले असते.

"काय?" सर ओरडले. खरोखर ओरडले. ओटीवरची कोंबडी फडफडत खाली गेली. शेजारच्या वाडीतून कोणीतरी हाक मारली, "सर, काय झालं? येऊ काय?" सर क्रेटवरून उठले होते, शर्टाचं टोक लोंबत होतं. पुन्हा तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "काय म्हणालीस?"

मावशीने पुन्हा सांगितलं. या वेळी अजिबात न थांबता.